चाकं किती ते विचारू नका, भट्टी कुठे आहे ते विचारा : बेलापूरच्या एका पॉटरी क्लासबद्दल

पॉटरीचा क्लास शोधत असाल तर इन्स्टाग्रामवरचे मंद दिवे, लिननचे अॅप्रन आणि चिखलाने माखलेल्या हातांचे फोटो जरा बाजूला ठेवा. फोन लावा आणि एवढंच विचारा : "भट्टी तुमची स्वतःची आहे का? आणि ती लावताना आम्हाला शेजारी उभं राहू देता का?" उत्तर गोलमोल आलं तर तिथं फोटो छान मिळतील, पॉटरी शिकायला मिळणार नाही. बेलापूरच्या या स्टुडिओत मला उत्तर मिळालं, "शनिवारी बिस्क लावतेय. सकाळी आठला या, रचायला मदतच होईल." (बिस्क म्हणजे भांड्यांची पहिली भाजणी.) फी विचारायच्या आधीच माझं ठरलं होतं.

पाचापैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी माझी नजर कुठली ते सांगतो, म्हणजे तुम्हाला हा रिव्ह्यू किती मनावर घ्यायचा ते ठरवता येईल. माझी सगळी नोकरी रबाळे एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटमध्ये गेली. गिअर, शाफ्ट, डाय असं लोखंडी सामान भट्टीत घालायचं, तापवायचं, विझवायचं, पुन्हा तापवायचं. त्यामुळे माझ्या लेखी वस्तू चाकावर होत नाही, भट्टीत होते. चाकावर तिचा आकार ठरतो इतकंच. पॉटरीवाली मंडळी यावर नाक मुरडतील, मुरडोत बापडी.

बेलापूरला जाण्याआधी मुलीने भेट म्हणून ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला एका दिवसाच्या वर्कशॉपला पाठवलं होतं. नाव लिहीत नाही. तिथं चाकावर बसवलं, शिकवणाऱ्या मुलाने माझ्या हातांवर हात ठेवून वाडगा स्वतःच केला आणि टाळ्या वाजवल्या. भट्टी? "बाहेर जातं सर." ग्लेझ, म्हणजे वरचा काचेचा थर? "आमचं आम्ही लावतो सर." बऱ्याच आठवड्यांनी निळा चकचकीत वाडगा कुरिअरने घरी आला. दिसायला झकास. रात्री त्यात आमटी काढून ठेवली, सकाळी ओट्यावर खाली ओलं कडं उमटलेलं. वरचा ग्लेझ वितळून काच झाला होता, पण खालची माती पुरती भाजलीच नव्हती, त्यामुळे जिथून म्हणून पाणी शिरेल तिथून शिरून बुडाशी पाझरत होतं. मी तो वाडगा वजन करून पाण्यात उकळला आणि पुन्हा वजन केलं. कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर पाणी पिऊन बसला होता. असल्या वाडग्यात पेन ठेवावेत. तो "फूड सेफ" म्हणून विकू नये.

आता बेलापूर. आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी आखली. सात घरांच्या मध्ये एक छोटं अंगण, अशी अंगणं जोडत जोडत डोंगराच्या पायथ्याशी पसरलेली. आता बरीच घरं दुमजली-तिमजली झाली आहेत आणि मूळ उतरती कौलं शोधावी लागतात, पण अंगणं टिकून आहेत. स्टुडिओ अशाच एका घराच्या तळमजल्यावर आहे. नाव लिहू नका असं चालवणाऱ्या ताईंनीच सांगितलंय, कारण चाकं थोडी आणि वाट बघणारे जास्त. रिक्षावाल्याला "आर्टिस्ट व्हिलेज, मातीकामवाल्या ताई" म्हटलं तर तो नेऊन सोडतो. ताई जे. जे.च्या सिरॅमिक्स विभागातून शिकलेल्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण क्लासमध्ये सगळे ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. त्या मला काका म्हणतात आणि माझ्या हातात गोळा असला की अजिबात मुलाहिजा ठेवत नाहीत.

पहिल्या दिवशी चाकाला हात लावू दिला नाही. मातीच्या पोत्यांपासून सुरुवात. टेबलावर एक फुटका माठ, एक लोणच्याची जुनी बरणी आणि चहाचा एक पांढराशुभ्र कप ठेवला होता. माठ म्हणजे अर्थनवेअर : साधी लाल माती, हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी तापमानाला भाजलेली, आत छिद्रंच छिद्रं. ही छिद्रं आहेत म्हणून पाणी बाहेर झिरपतं, वाफ होऊन उडतं आणि आतलं पाणी गार राहतं. बरणी म्हणजे स्टोनवेअर : १२०० ते १३०० अंशांच्या दरम्यान भाजली की मातीतलं फेल्डस्पार नावाचं खनिज वितळून कणांमधल्या फटी भरते आणि भांडं आतून आवळून घट्ट होतं. बरणी पाझरली असती तर आपल्याकडे एकही लोणचं पावसाळा पार करून दिवाळीला पोचलं नसतं. कप म्हणजे पोर्सेलेन : त्याहूनही वर भाजलेली, केओलिनची पांढरी माती, पातळ भिंत उजेडाला धरली तर पलीकडचं बोट दिसतं. ताईंनी तिघांचेही फुटके तुकडे आम्हाला जिभेला लावायला सांगितले. माठाचा तुकडा जिभेला चिकटतो, बरणीचा चिकटत नाही. ही चाचणी मी पुढे घरातल्या निम्म्या भांड्यांवर करून बघितली, बायको बघत नसताना.

बॅचमधल्या एकीने विचारलं, "गणपतीची शाडू माती चालेल का?" पेणच्या कारखान्यांची सवय असलेल्या आपल्या भागात हा प्रश्न येणारच. ताईंनी नाही म्हणून सोडून दिलं नाही. शाडूचा एक गोळा चाकावर ठेवला आणि वर ओढून दाखवला. जरा उंच गेला की भिंत फाटते. साच्यात दाबायला ती माती उत्तम, पण चाकावर लागणारा ताण तिच्यात नाही. इथं आम्ही वापरली ती तयार स्टोनवेअर माती, पोत्यातून येणारी, थोडा ग्रॉग घातलेली. ग्रॉग म्हणजे आधी भाजून कुटलेली माती. त्याने आकसणं कमी होतं आणि भिंतीला कणा मिळतो. पण मऊ हाताच्या लोकांनी अर्धा तास चाकावर बसलं की तळवे लाल होतात, हेही सांगून ठेवतो.

मग माती मळणं. कणिक मळतो तशी मळायची नाही. कणिक आपण घडी घालून घालून आत हवा कोंडतो, इथं मेंढ्याच्या डोक्यासारखा आकार ठेवत पुढे ढकलायचं आणि हवा बाहेर काढायची. "हवेचा बुडबुडा राहिला की भट्टीत भांडं फुटतं," असं बहुतेक सगळीकडे सांगतात. ताईंनी ते तिथल्या तिथे खोडून काढलं, आणि भट्टीवाला म्हणून मला फार बरं वाटलं. फुटतं ते पाण्यामुळे. पाण्याची वाफ झाली की जागा सुमारे सोळाशे पट लागते, आणि जाड भिंतीच्या पोटात ओल राहिली असेल तर ती वाफ वाट काढते. बुडबुडा काढायचा तो चाकावर हाताला गचके बसू नयेत म्हणून.

चाकावरचं शिकवणं नेटकं आहे. त्यावर फार लिहीत नाही, व्हिडिओ हजार आहेत. दोनच गोष्टी सांगतो. एक, गोळा मधोमध आणताना, म्हणजे सेंटरिंग करताना, ताई हातांकडे बघतच नाहीत, कोपराकडे बघतात. कोपर मांडीला किंवा पोटाला टेकलेलं नसेल तर चाक थांबवतात. "काका, तुम्ही मातीला ढकलताय. ढकलू नका. हात तिथं रोवून ठेवा, तिला यायचं तर ती येईल." दुसरी गोष्ट पाण्याची. नवशिके पाणी ओततच राहतात आणि भिंत चिखल होऊन बसते. ताई प्रत्येकाला वाटीभर पाणी देतात, संपलं की संपलं.

आणि तार. पैसे इथे वसूल होतात. सुरुवातीच्या सगळ्या भांड्यांतलं एकही ठेवू देत नाहीत. भांडं झालं की चाक थांबवायचं, तार दोन्ही हातांत ताणून धरायची आणि भांडं वरून खाली उभं कापायचं. दोन अर्ध्या भिंती अलगद बाजूला पडतात आणि आतला सगळा हिशेब उघडा. माझ्या एका दंडगोलाचा काप अजून डोळ्यासमोर आहे : काठाशी चार मिलिमीटर, मध्यावर पाच, आणि बुडाच्या कोपऱ्यात एकदम चौदा. बाहेरून तो अगदी सरळ, देखणा होता. ही कोपऱ्यातली जास्तीची माती वर ओढायला हवी असते, नाहीतर तीच शेवटी सुकते, तिथंच ओल राहते आणि भट्टीत दणका तिथंच बसतो. बुडाच्या मध्यावर माती बोटाने दाबून घट्ट केलेली नसेल तर वाळताना इंग्रजी एसच्या आकाराची चीर पडते, तीही कापातच समजावून सांगितली. ऐरोलीहून येणारा एक आयटीवाला मुलगा आपला वाडगा कापायला तयार होईना. ताई म्हणाल्या, "हा ठेवलास तर घरी एक वाडगा जाईल. कापलास तर पुढचे सगळे वाडगे जातील." कापला त्याने. तोंड वाकडं करूनच.

पुढचा टप्पा थांबण्याचा, आणि नवी मुंबईच्या हवेत तो लांबतो. भांडं लेदर-हार्ड व्हायची वाट बघायची : बोटाने दाबलं तर ठसा उठत नाही, पण नखाने ओरखडा उठतो, तो क्षण. त्याच अवस्थेत उलटं करून बूड तासायचं, खाली फूट-रिंग, म्हणजे भांडं टेकायचं कडं, काढायची, कप असेल तर कान जोडायचा. कान जोडताना दोन्ही जागी काट्याने रेघोट्या मारायच्या आणि स्लिप, म्हणजे त्याच मातीचं दाट पाणी, लावून दाबायचं. कानाची माती पातळ, ती आधी सुकते आणि आधी आकसते, कप मागे राहतो, आणि सांधा तडकतो. म्हणून जोडल्यावर कानाला प्लॅस्टिक गुंडाळून ठेवायचं, म्हणजे दोघं बरोबरीने सुकतात. जुलै-ऑगस्टमध्ये भांडं पूर्ण कोरडं, म्हणजे बोन-ड्राय, व्हायला एप्रिलच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. पंखा लावून चालत नाही, एक बाजू आधी सुकते आणि काठ वेडावाकडा होतो. कोरडं झालंय की नाही ते ताई गालाला लावून बघतात. गार लागलं तर आत पाणी अजून आहे.

आकसण्याचं गणित मला स्वतःला फार आवडलं, म्हणून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची मोजपट्टी, घेऊन गेलो. ओल्या मातीच्या पट्टीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारली. वाळल्यावर ती ९.४ झाली, आणि शेवटच्या भाजणीनंतर ८.८. बारा टक्के. पण हे लांबीत. आकारमानात ०.८८ चा घन करा, ०.६८ येतो. म्हणजे चाकावर ३०० मिलिलिटरचा दिसणारा मग हातात येईस्तोवर जेमतेम २०४ मिलिलिटरचा राहतो. सगळ्या नवशिक्यांचे कप एवढेसे का होतात ते इथं कळतं.

आता भट्टी. दरवाजा समोरून उघडणारी, आतून हलक्या इन्सुलेशन विटांची, कँथल या तापणाऱ्या मिश्रधातूच्या तारांची, थ्री-फेजवर चालणारी विजेची भट्टी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने आधी थर्मोकपल, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणारी तार, बघितलं. एस टाइपचं, प्लॅटिनम-ऱ्होडियमचं. के टाइप स्वस्त पडतं, पण १२०० च्या वर वारंवार चालवलं की आकडा सरकायला लागतो आणि कळत नाही. खर्च योग्य जागी केलाय.

पहिली भाजणी बिस्कची, १००० अंशांपर्यंत. ग्लेझ नसल्यामुळे भांडी एकात एक, एकावर एक रचली तरी चालतात, ती रचायलाच आम्हाला बोलावलं होतं. रात्रभर शंभराच्या खाली ठेवून ओल काढायची. मग सावकाश वर. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात दुसरं पाणी निघतं, मातीच्या रेणूंत बांधलेलं. हाताला ठणठणीत कोरड्या लागणाऱ्या शुद्ध केओलिनच्या वजनात असं सुमारे १४ टक्के पाणी असतं. ते गेलं की माती पुन्हा कधी भिजत नाही. इथपर्यंत तुमचं बिघडलेलं भांडं बादलीत टाकून पुन्हा गोळा करता येतो, इथून पुढे नाही. त्याच पट्ट्यात ५७३ अंशांना क्वार्ट्झ, म्हणजे मातीतली वाळू, आपली रचना बदलतो आणि एकदम फुगतो, उतरताना तिथंच पुन्हा आकसतो. दोन्ही वेळा घाई केली की भांडं तडकतं. आमच्याकडे स्टीलला अशा वळणांवर जपावं लागतं, मातीलाही जपावं लागतं हे बघून मला घरच्यासारखं वाटलं.

बिस्क बाहेर काढताना ताई प्रत्येक भांडं बोटाच्या पेराने वाजवून बघतात. टणटणलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी न दिसणारी चीर आहे. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी वाजवली तेव्हा नामदेव कच्चे निघाले होते. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांचे मग निघाले.

दुसरी भाजणी ग्लेझची, कोन ६ ला. कोन म्हणजे भाजणी किती झाली ते वाकून सांगणारा सुळका, आकडा मोठा तितकी भाजणी जास्त. कोनबद्दल मला सुरुवातीला शंका होती. एवढा चांगला डिजिटल कंट्रोलर असताना आत मातीचे तीन छोटे सुळके उभे करून झरोक्यातून कशाला बघायचं? ताईंनी चार्ट पुढे केला. तोच कोन ६, शेवटच्या टप्प्यात तासाला ६० अंशांनी तापवला तर सुमारे १२२२ ला वाकतो, १५० अंशांनी तापवला तर १२४३ च्या आसपास. म्हणजे कोन तापमान सांगतच नाही, वेळ आणि तापमान मिळून मातीवर किती काम झालं ते सांगतो. टेंपरिंगला, म्हणजे विझवलेलं स्टील पुन्हा तापवताना, आम्ही हॉलोमन-जाफे पॅरामीटर नावाचं सूत्र वापरतो, त्यातही हेच : कमी तापमान जास्त वेळ, की जास्त तापमान कमी वेळ, परिणाम तोच येऊ शकतो. फरक इतकाच की आम्ही ते कागदावर मांडतो आणि कुंभारकाम करणाऱ्यांनी ते वस्तूतच घालून ठेवलंय. जर्मनीत हेरमान झेगरने असे कोन १८८६ मध्ये आणले, अमेरिकेत एडवर्ड ऑर्टनने १८९६ पासून. आपल्याकडे स्टुडिओत जास्त करून ऑर्टनचेच आकडे बोलले जातात. पाच, सहा आणि सात असे तीन शेजारी ठेवायचे. पाच पूर्ण आडवा, सहाचं टोक वाकून खाली टेकलेलं, सात नुकताच कलायला लागलेला दिसला की बंद. झरोक्यातून बघताना वेल्डिंगची काच डोळ्यावर सक्तीची, हे इथं पाळतात. त्या पांढऱ्या-पिवळ्या उजेडात कोनाची कड आधी दिसतच नाही. जरा श्वास रोखून बघितलं की तीन सावल्या वेगळ्या होतात, आणि मधली हळूहळू मान टाकताना दिसते.

बंद केल्यावर दार उघडण्याची घाई नाही. शंभराच्या खाली आल्याशिवाय ताई कुणाला हात लावू देत नाहीत, मग बॅच दुसऱ्या दिवशीवर गेली तरी जाते. गरम असताना उघडलं की ग्लेझ बारीक टणटण आवाज करत भेगाळतो. त्याला क्रेझिंग म्हणतात. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसला तर अशी जाळी पडते, आणि मग चहाचे डाग त्यात कायमचे बसतात. काही लोक मुद्दाम करतात. शोभेच्या फुलदाणीला ठीक, चहाच्या कपाला नको.

ग्लेझचा भाग सगळ्यांत श्रीमंत आहे, पण इथंच स्टुडिओचा अर्धा गुण गेला. आधी चांगलं सांगतो. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. काच करणारा सिलिका एकटा वितळायला १७०० अंशांच्या वर लागतो, तो खाली आणायला फेल्डस्पार, खडूसारखे पदार्थ, आणि वितळलेली काच ओघळू नये म्हणून अॅल्युमिना, जो केओलिनमधून येतो. ताईंनी फळ्यावर प्रसिद्ध प्रमाण लिहिलं : फेल्डस्पार ४०, सिलिका ३०, व्हाइटिंग (खडूची पूड) २०, केओलिन १०. ते कोन १० साठीचं. आमच्या कोन ६ च्या भट्टीत तेच लावून भाजलं तर खरखरीत, अर्धवट वितळलेलं, निस्तेज निघालं. मग बोरॉन असलेली फ्रिट, म्हणजे आधी वितळवून कुटलेली काच, घातली आणि त्याच भट्टीत तो गुळगुळीत झाला. फळ्यावर बोलून सोडण्याऐवजी दोन्ही टाइल भाजून हातात देतात, याचे गुण वेगळे. ग्लेझ दाट की पातळ हेही अंदाजाने नाही. शंभर मिलिलिटरचं वजन करतात, १४५ ग्रॅमच्या आसपास असेल तर भांडं बुडवायचं, तीन मोजायचे, बाहेर. बुडाला मेण लावलेलं असतं, तिथं ग्लेझ बसत नाही. बसला तर भांडं भट्टीच्या फळीला कायमचं चिकटतं.

एका मुलीला तांब्याचा लाल रंग हवा होता. तो इथं होणार नाही. तांब्याचा लाल रंग भट्टीत ऑक्सिजन कमी पडला, म्हणजे रिडक्शन झालं, तरच उतरतो, त्यासाठी सहसा गॅसची भट्टी लागते. विजेच्या भट्टीत भरपूर हवा, तिथं तोच तांबा हिरवा होतो. ताईंनी हे आधीच स्पष्ट सांगितलं, फसवलं नाही. खाण्यापिण्याच्या भांड्याला आतून तांब्याचा गडद हिरवा ग्लेझ लावू देत नाहीत, आंबट पदार्थात तो उतरू शकतो म्हणून. व्हिनेगरमध्ये रात्रभर तुकडा ठेवून रंग बदलतो का ते त्या बघतात. मी घरी कोकमाचं आगळ वापरलं. माझा पांढरा कप पास झाला, सोलकढी बिनधास्त.

अर्धा गुण गेला तो असा : ग्लेझ फक्त पाच. पांढरा, एक दुधी, एक निळा, एक तपकिरी आणि तो हिरवा. वहीत शेकडो चाचण्या आहेत, भिंतीवर टाइलांच्या रांगा आहेत, पण विद्यार्थ्यांना बादलीतले पाचच. "जास्त दिले तर एकमेकांवर ओघळून फळ्या खराब होतात," हे कारण मला पटतं, पण इतकी फी घेऊन दोन तरी अजून हवेत. शिवाय गाडी लावायला जागा नाही. गल्ल्या अरुंद, शेजारी वैतागतात. बेलापूर स्टेशनवरून रिक्षाने या. डास आहेत, ओडोमॉस घेऊन या.

स्वच्छतेबद्दल मात्र पूर्ण गुण, आणि हे मी कारखान्यातला माणूस म्हणून सांगतोय. मातीच्या धुळीत बारीक सिलिका असतो, वर्षानुवर्षे छातीत गेला की सिलिकोसिस होतो. इथं झाडू बंद. फरशी ओल्या फडक्याने, टेबल ओल्या स्पंजने. कोरडं भांडं घासायचं असेल तर मास्क लावून आणि बाहेर अंगणात. ग्लेझची पूड कालवताना मास्क सक्तीचा. मी जितक्या ठिकाणी विचारलं तिथं "माती आहे हो काका, नैसर्गिक आहे" असं हसून उत्तर मिळालं होतं.

फी महिन्याच्या बॅचला आठ-नऊ हजारांच्या घरात, माती आणि दोन्ही भाजण्या धरून. पांढरी पोर्सेलेन माती हवी तर वेगळे पैसे, आणि नवशिक्यांना ताई ती देतच नाहीत. एका दिवसाचं वर्कशॉपही आहे, पण ते घेऊ नका, पैसे वाया. वाढदिवसाला, ऑफिसच्या टीमला घेऊन जायचं असेल तर दुसरीकडे जा, तिथं मजा जास्त येईल. शाळकरी मुलांना बारा वर्षांखाली घेत नाहीत. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, उंच स्टूलवरचं एक चाक आहे, ते राखून ठेवतात. नोकरीवाल्यांसाठी शनिवार-रविवारची बॅच लवकर भरते, आठवड्यातल्या सकाळच्या बॅचला आम्ही निवृत्त आणि गृहिणीच जास्त. बॅच जून ते सप्टेंबरमधली घेतली तर तुमची भांडी पुढच्या महिन्यात भाजली जातील, हे धरून चाला आणि ताईंना फोन करून "झालं का" असं विचारू नका, त्या चिडतात.

तयार भांडी महिन्याभरात न्यावी लागतात, त्यानंतर फळी रिकामी करतात. नेताना जुनी वर्तमानपत्रं आणि जाड कापडी पिशवी घरून न्या. तिथं पॅकिंगचं काही मिळत नाही, आणि बुडाची कड टेबलाला ओरखडे पाडते म्हणून सँडपेपरही ठेवा, १२० नंबरचा. तो पाण्यात भिजवून वापरायचा.